शिकवण्याची देवाणघेवाण : कॅथॉलिक विद्यापीठांचा अनुभव

(संस्थेच्या वार्षिक शिक्षक-मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वेळेअभावी राहून गेलेले काही मुद्दे वाचकांसाठी जोडले आहेत.)



विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेत कॅथॉलिक विद्यापीठांची गोष्ट कशासाठी? मेळाव्याआधी एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला हे तोंडावर विचारलेही. मी म्हटले, चाचा, सर सय्यद अहमद खान १८६९ साली विलायतेला गेले, केंब्रिज पाहून आले, आणि १८७५ साली अलीगढला मदरसा उघडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे केंब्रिजची कॉलेजे होती. त्यांनी तिथून दीन आणला नाही, रीत आणली. (योगायोग असा की त्याच १८७५ साली जेझुइट पाद्र्यांनी बैरूतला सेंट जोसेफ विद्यापीठ काढले. तिथे आज ख्रिस्ती आणि मुसलमान मुले एकाच बाकावर बसतात.) चाचा हसले, पण त्यांचे पुरते समाधान झाले असे काही मला वाटले नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो की मी कुणाची आरती ओवाळायला उभा नाही. मला एका प्रश्नाने बरीच वर्षे छळले आहे, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी ह्या मंडळींच्या दारात जाऊन पोहोचलो.

प्रश्न साधा आहे. एका शिक्षकाला जे साधले ते दुसऱ्या शिक्षकापर्यंत पोहोचते कसे? आणि वाटेत त्यातले काय सांडते?

माझ्या पहिल्या नोकरीच्या शाळेत गणिताचे एक सर होते. अपूर्णांक शिकवताना ते खिशातून हातभर सुतळी काढीत. तिची एक घडी घालीत, मग दुसरी, मग तिसरी; आणि प्रत्येक घडी उलगडण्याआधी मुलांना विचारीत, "आता भाग किती? आणि एक भाग केवढा?" त्यांच्या वर्गातली मुले छेदाला कधी घाबरली नाहीत. सर निवृत्त झाले. शाल दिली, नारळ दिला, घड्याळ दिले, भाषणे झाली. तीस वर्षांत त्यांना कुणी विचारले नव्हते की हे तुम्ही करता कसे. पुढच्या वर्षी आलेले तरुण शिक्षक मनापासून काम करणारे होते. त्यांनी ऐकले होते की सर सुतळी वापरीत. त्यांनीही सुतळी आणली आणि वर्गासमोर कात्रीने तिचे आठ तुकडे केले. मुलांनी तुकडे मोजले, आणि परीक्षेत निम्म्या वर्गाने लिहिले की एक अष्टमांश हा एक चतुर्थांशाहून मोठा, कारण आठ हे चाराहून मोठे! सुतळी नव्या शिक्षकाला मिळाली होती. घडी का घालायची, आणि उलगडण्याआधी का विचारायचे, ते मिळाले नव्हते.

आता ह्या गोष्टीवरून तुम्हाला चार-साडेचारशे वर्षे मागे नेतो.

१५४८ साली सिसिली बेटावरच्या मेस्सिना गावी जेझुइट संघाने बाहेरच्या मुलांसाठी आपले पहिले कॉलेज काढले. संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी त्यासाठी दहा माणसे पाठवली. त्यांतल्या अनेकांनी पॅरिसच्या विद्यापीठाची रीत जवळून पाहिली होती : मुलाला वयाप्रमाणे नव्हे, तयारीप्रमाणे वर्गात बसवायचे, एक पायरी पक्की झाल्यावाचून पुढची चढायची नाही, आणि ऐकले ते रोज घोटून घ्यायचे. मेस्सिनाचे प्रमुख जेरोनिमो नादाल यांनी हे सारे लिहून काढले. १५५१ साली रोमला कॉलेज निघाले तेव्हा मेस्सिनाची मांडणी तिथे उपयोगी पडली. १५५६ साली लोयोला वारले तोवर तीसहून अधिक कॉलेजे उभी होती, आणि जी अडचण आज आपल्या पाच शाळांत आहे तीच त्यांच्यात सुरू झाली होती. जो तो आपल्या परीने शिकवीत होता.

मग त्यांनी जे केले ते मला फार विचार करण्यासारखे वाटते. १५८४ साली संघाचे प्रमुख क्लॉडिओ अक्वाविवा यांनी निरनिराळ्या देशांतले सहा जण बोलावून मसुदा करायला बसवले. १५८६ साली मसुदा तयार झाला. तो 'हुकूम' म्हणून धाडला नाही. प्रत्येक प्रांताने निदान पाच जाणत्या माणसांना तो वाचायला द्यावा, त्यांनी आधी एकेकट्याने आणि मग एकत्र बसून आपल्या हरकती लिहाव्यात, आणि त्या रोमला पाठवाव्यात, अशी व्यवस्था होती. त्या काळी टपाल घोड्यावरून आणि शिडाच्या जहाजातून जायचे, हे ध्यानात घ्या. हरकती आल्या, चांगल्या भरघोस आल्या. १५९१ साली दुसरा मसुदा निघाला आणि तो तीन वर्षे वापरून पाहावा असे ठरले. पुन्हा तक्रारी, पुन्हा दुरुस्त्या. शेवटी १५९९ साली पक्की नियमावली झाली. तिला 'रात्सियो स्तुदियोरुम', म्हणजे अभ्यासाची रीत, असे म्हणतात. त्या वेळी संघाची दोनशेहून अधिक कॉलेजे होती.

त्या नियमावलीतला एक नियम मला विशेष आवडतो. खालच्या वर्गांवर देखरेख करणाऱ्याने पंधरा दिवसांतून निदान एकदा प्रत्येक शिक्षकाचे शिकवणे ऐकावे. आपल्याकडे वर्षातून एकदा तपासनीस येतात, त्या दिवशी शाळा झाडून-पुसून ठेवतात आणि हुशार मुले पुढच्या बाकावर आणून बसवतात. पंधरा दिवसांनी येणाऱ्या माणसासमोर कोण किती सोंग आणणार?

पण ह्याच नियमावलीत एक मोठी चूकही झाली, असे माझे मत आहे. १५८६च्या मसुद्यात चर्चा होती. अमुक असे का करावे, दुसरी बाजू काय आहे, कुणाचा अनुभव काय सांगतो, हे त्यात लिहिले होते. १५९९च्या पक्क्या प्रतीत नुसते नियम राहिले, कारणे गळली. पुस्तक आटोपशीर झाले, वापरायला सोपे झाले. पण पुढच्या पिढीतल्या शिक्षकाच्या हाती काय आले? सुतळी आली. जग बदलत गेले, लॅटिनची सद्दी ओसरू लागली, विज्ञान वाढले, आणि नियम मात्र होते तिथेच. १७७३ साली पोपने संघच बरखास्त केला, १८१४ साली तो पुन्हा उभा राहिला, आणि १८३२ साली नियमावली सुधारून देशी भाषा, गणित, पदार्थविज्ञान यांना अधिक जागा देण्यात आली. परंतु तोवर प्रत्येक देशाच्या सरकारचे स्वतःचे अभ्यासक्रम झाले होते. सर्वांना एका सुरात चालवण्याचा काळ गेला होता.

कारणे जपून ठेवणारे पुस्तकही ह्याच परंपरेत आहे. फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त द ला साल नावाचे एक पाद्री होऊन गेले. १६८० च्या सुमारास रीम्स शहरात त्यांनी कारागिरांच्या आणि गरिबांच्या मुलांसाठी शिक्षकांचा एक संघ उभारला. हे शिक्षक पाद्री नव्हते, बंधू म्हणवीत. त्यांच्या शाळा कशा चालवाव्यात ह्याचे एक पुस्तक आहे. त्याची हस्तलिखित प्रत १७०६ची आहे, आणि ला साल १७१९ साली वारल्यावर पुढच्या वर्षी ते छापले गेले. प्रस्तावनेतच सांगितले आहे की हे एका माणसाच्या डोक्यातून निघालेले नाही. जुन्याजाणत्या बंधूंबरोबर पुष्कळ बैठका झाल्या, अनेक वर्षे करून पाहिले, आणि मगच हे लिहिले.

त्या काळी फ्रान्समध्ये मुलाला वाचन शिकवायचे ते लॅटिनमधून. ला साल यांनी ते फ्रेंचमधून सुरू केले. एका बिशपने त्यावर हरकत घेतली तेव्हा त्यांनी कारणे मांडली. गरिबाचे पोर शाळेत थोडी वर्षे टिकते, तेवढ्यात त्याला जन्मभर उपयोगी पडेल असे वाचन यायला हवे. बोलीतले वाचन लवकर येते. आणि ते आलेल्याला लॅटिन वाचणे जड जात नाही. लॅटिन आता गेली, पण ही कारणे मात्र अजून ताजी आहेत. कोकणात आपल्या घरी जी बोली चालते ती ना क्रमिक पुस्तकातली उर्दू, ना क्रमिक पुस्तकातली मराठी. पहिलीतल्या मुलाला आपण तिसऱ्याच भाषेत, इंग्रजीत, नेऊन बसवतो आणि मग म्हणतो पोरगे बोलत नाही. ला साल यांचा नियम आपल्याला जसाच्या तसा लागू पडणार नाही, त्यांची कारणे मात्र पडताळून पाहता येतील. मला म्हणायचे आहे ते एवढेच.

त्याच ला साल बंधूंच्या संघाने १९७३ साली पॅलेस्टाइनमध्ये बेथलेहेम विद्यापीठ सुरू केले. पोप सहावे पॉल १९६४ साली त्या भूमीत जाऊन आले होते, त्यातून ही कल्पना पुढे आली. विद्यापीठ कॅथॉलिक, विद्यार्थी मात्र बहुसंख्य मुसलमान, आणि मुलांपेक्षा मुली अधिक. १९८७च्या ऑक्टोबरात इस्रायली लष्कराने ते बंद केले, ते १९९०च्या ऑक्टोबरापर्यंत उघडू दिले नाही. तीन वर्षे! फाटकाला कुलूप होते, पण शिकवणे थांबले नाही. आवाराबाहेर, मिळेल त्या जागी वर्ग भरले. इमारत नसताना, फळा नसताना काय शिकवायचे आणि काय सोडायचे, हे तिथल्या शिक्षकांना रोज ठरवावे लागले असेल. अशा वेळी नुसत्या नियमांचे पुस्तक कामी येत नाही. अमुक गोष्ट आपण कशासाठी करतो हे ज्याला ठाऊक आहे, तोच ती दुसऱ्या जागी, दुसऱ्या साधनांनी करू शकतो.

आता अलीकडच्या काळाकडे येतो.

१९९३ साली जेझुइटांनी शिकवण्याच्या आपल्या रीतीविषयी एक नवा दस्तऐवज काढला. तो मुख्यतः शाळांसाठी होता, पण त्यांच्या विद्यापीठांनीही उचलला. त्यात पाच शब्द आहेत : संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन. ह्या वेळी त्यांनी जगभरासाठी नियमांची यादी केली नाही. शिक्षकाने स्वतःला विचारायचे प्रश्न दिले. पाचांतला पहिला शब्द 'संदर्भ' आहे, ह्याला मी फार महत्त्व देतो. मूल कुठून आले, काय खाऊन आले, घरी कुठली भाषा ऐकून आले, हे धड्याच्या आधी पाहायचे.

हा शब्द किती खरा आहे ते २०१० नंतर दिसले. जेझुइटांचे निर्वासितांसाठी काम १९८० पासून चालू आहे. त्यांच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, पेद्रो आरूपे यांनी, ते सुरू केले. २०१० साली अमेरिकेतली आणि इतर देशांतली जेझुइट विद्यापीठे एकत्र आली आणि निर्वासितांच्या छावण्यांत संगणकावरून उच्च शिक्षण देऊ लागली. सुरुवात तीन ठिकाणी झाली : केनियातली काकुमा छावणी, मलावीतली झालेका छावणी, आणि सीरियातले अलेप्पो शहर. अलेप्पोचे केंद्र युद्धामुळे बंद पडले आणि काम जॉर्डनमध्ये अम्मानला गेले. पदविका द्यायची ती डेन्व्हरच्या रेजिस विद्यापीठाने, शिकवायचे ते निरनिराळ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी, आणि छावणीत विद्यार्थ्यांजवळ बसायला तिथलाच माणूस. काकुमात सोमालियाचे, दक्षिण सुदानचे, काँगोचे, इथिओपियाचे लोक आहेत. मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आपापसांतल्या यादवीतून पळून आलेलेही आहेत.

विचार करा. डेन्व्हरच्या वर्गात वर्षानुवर्षे चांगला चाललेला पाठ इथे कसा चालणार? प्राध्यापक दाखला देणार सुपरबाजाराचा, ऐकणारा रांगेत उभा राहून शिधा घेणार. विजेची आणि जोडणीची खात्री नाही, त्यामुळे ठरल्या घटकेला सगळे हजर राहतील असे गृहीत धरता येत नाही. पदविकेच्या जोडीला तिथे छोटे अभ्यासक्रमही निघाले, आणि ते कोणते असावेत हे छावणीतल्या लोकांच्या गरजेवरून ठरू लागले. देणारा इथे घेणाराही झाला. असे झाल्याशिवाय देवाणघेवाण हा शब्द वापरू नये. नुसती देवाण म्हणावे, ती खैरात असते.

दुसरे उदाहरण लॅटिन अमेरिकेचे. तिथे 'सेवेतून शिक्षण' ही रीत बरीच रुजली आहे. ब्वेनोस आयरेसला तिच्या प्रसाराचे एक केंद्र आहे, आणि त्याच्या साहाय्याने २०२० साली जगभरच्या कॅथॉलिक उच्च शिक्षणसंस्थांसाठी 'युनिसर्व्हिताते' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. आशियासाठी त्याचे एक ठाणे मनिलाच्या द ला साल विद्यापीठात आहे. आपण म्हणाल, सेवा तर आम्हीही करतो, एन.एस.एस.चे शिबिर भरवतो, रस्ता झाडतो, झाडे लावतो. फरक आहे. तिथे ही सेवा अभ्यासक्रमाचाच भाग असते. वास्तुशास्त्राचा विद्यार्थी वस्तीतल्या लोकांबरोबर बसून त्यांच्या गरजेचे घर आखतो, ते त्याच्या विषयाचे काम धरले जाते, आणि नंतर आपण काय शिकलो, कुठे चुकलो हे त्याला लिहावे लागते. हे लिहिणे काढून टाकले की उरते ते श्रमदान. श्रमदान चांगलेच, पण त्याला शिक्षण म्हणू नये.

आपल्या मुंबईतही ह्याचे एक रूप आहे. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९चे, २०१० साली स्वायत्त झाले. तिथल्या विद्यार्थ्यांना सामाजिक कामाचा एक कार्यक्रम पुरा करावा लागतो. तिथेच २००३ पासून अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र चालते. न दिसणाऱ्या मुलाने पुस्तक कसे वाचावे, परीक्षा कशी द्यावी, आकृती हाताने कशी समजून घ्यावी, ह्याचा विचार तिथे होतो. आपल्या संस्थेत एखादे अंध मूल आले तर आपण काय करू? बहुधा सहानुभूती दाखवू आणि त्याला गणित सोडायला सांगू. त्याऐवजी चर्चगेटची गाडी धरून जाऊन पाहता येईल.

आता मोठ्या परिषदांविषयी थोडक्यात, कारण त्यांत मला फारसा रस नाही. कॅथॉलिक विद्यापीठांचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ आहे. मिलान आणि नेमेखनच्या विद्यापीठांनी १९२४ साली त्याचे बीज पेरले, १९४८ साली पोपने त्याला मान्यता दिली, १९६५ साली आजचे नाव मिळाले. दोनशेहून अधिक विद्यापीठे त्यात आहेत. जेझुइट विद्यापीठांची वेगळी जागतिक संघटना २०१८ साली स्पेनमधल्या बिल्बाओला स्थापन झाली. ठराव होतात, छायाचित्रे निघतात. कुठल्याही परिषदेत होते तेच.

सारे एका विचाराचे आहेत असेही समजू नका. १९६७ साली अमेरिकेतल्या कॅथॉलिक विद्यापीठांचे प्रमुख विस्कॉन्सिनमध्ये लँड ओ'लेक्स ह्या ठिकाणी जमले आणि त्यांनी जाहीर केले की खरे विद्यापीठ व्हायचे तर बाहेरच्या कोणत्याही सत्तेपासून, धर्मसत्तेपासूनसुद्धा, स्वायत्तता हवी. १९९० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी कॅथॉलिक विद्यापीठाने आपली धार्मिक ओळख कशी राखावी ह्याचे फर्मान काढले. त्यावरून पुढे बरीच वर्षे वाद झाला. कार्यकारिणी मोठी की शिक्षक मोठा, संस्थेचे नाव आधी की विषयाचे सत्य आधी, ही भांडणे आपल्याला नवी नाहीत. त्यांनी ती छापून, उघड केली. आपली चहाच्या टपरीवर होतात.

राहता राहिले आपले. ह्या मेळाव्यात पाच शाळांचे आणि एका कॉलेजचे शिक्षक आहेत. आपण एकमेकांच्या वर्गात कधी बसलो आहोत का? मी एकदा हा प्रयोग करून पाहिला आणि तो फसला, तेही सांगतो. एका संस्थेत, तिचे नाव घेत नाही, मी सुचवले की प्रत्येक शिक्षकाने महिन्यातून एकदा दुसऱ्याचा तास पाहावा आणि वहीत दोन ओळी लिहाव्यात. पहिले दोन महिने वही वाचण्यासारखी होती. एका बाईंनी लिहिले होते, "आज कविता शिकवताना माझे मलाच कळले नाही की मी काय सांगते आहे." तिसऱ्या महिन्यात ती वही कार्यालयात मागवली गेली, आणि वर्षअखेर त्या बाईंच्या गोपनीय अहवालात हेच वाक्य उतरले. त्यानंतर वहीच्या प्रत्येक पानावर एकच मजकूर येऊ लागला : पाठ उत्तम झाला. सूचना माझी होती, आणि भोगले त्या बाईंनी. वही कुणाच्या हाती जाईल हे मी आधी ठरवायला हवे होते.

म्हणून ह्या वेळी अटी आधी सांगतो. वही शिक्षकांच्या खोलीत राहील, कार्यालयात जाणार नाही. अध्यक्षसाहेबांनी हे आज सर्वांसमोर कबूल करावे अशी माझी विनंती आहे. पानाच्या डाव्या बाजूला काय केले ते लिहायचे, उजव्या बाजूला का केले ते, आणि खाली कुठल्या मुलांना ते लागू पडले नाही ते. उजवी बाजू कोरी असेल तर ते पान दुसऱ्या शाळेत पाठवायचे नाही. भाषा उर्दू, मराठी, इंग्रजी, ज्याला जी सोयीची. दर तिमाहीला वह्या एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरतील, आणि वाचणाऱ्याने हरकत लिहिलीच पाहिजे. नुसते 'छान' लिहिलेले चालणार नाही.

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेल्या शिक्षकांपासून आरंभ करावा. त्यांचा वेळ कमी आहे.

पहिली वही मी घेऊन आलो आहे. पहिल्या पानावर सुतळीचा पाठ लिहिला आहे, सरांचा आणि कात्रीचा, दोन्ही. ती इथे टेबलावर ठेवतो.  

ता. क. : वाचकहो, अध्यक्षांनी त्याच सभेत अट मान्य केली. हा मजकूर छापायला देताना चौकशी केली तेव्हा वहीची अकरा पाने भरली होती, सात उर्दूत आणि चार मराठीत. सुतळीच्या पानावर एका बालवाडीच्या शिक्षिकेने हरकत घेतली आहे की लहान मुलांच्या हातून सुतळीची घडी नीट बसत नाही, तिथे कागदाची पट्टी बरी. त्यांचे म्हणणे मला पटले आहे.